नदीकाठ कोणाचा, डोंगर कोणाचा : प्रस्तावना

ओझरला मोकळ्या जागेची टंचाई आहे असे कुणी म्हटले, तर अष्टविनायकाच्या यात्रेला आलेला माणूस ते मान्य करणार नाही. विघ्नेश्वराच्या देवळाला लागून कुकडी नदी, तिच्यावर येडगाव धरणाचा दूरवर पसरलेला फुगवटा, पश्चिमेला शिवनेरी आणि लेण्याद्रीचे डोंगर, मधल्या सगळ्या शिवारात ऊस, द्राक्ष, टोमॅटो. सदनिकेत राहणाऱ्याने हेवा करावा असा हा मुलूख. तरीही या संग्रहाच्या लेखकांनी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावांत एक साधा प्रश्न विचारला : कामाशिवाय, पैसे न मोजता, आणि ‘इथं काय करताय?’ असे कुणी न विचारता तुम्ही घराबाहेर कुठे जाऊन बसता? पुरुषांनी पार, देऊळ, चहाची टपरी सांगितली. मुलांनी शाळेचे मैदान सांगितले, आणि शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते हेही सांगितले. बायकांपैकी बहुतेकींना प्रश्नच पटला नाही. कामाशिवाय बाहेर कशाला जायचे?

या पुस्तकाचा विषय त्या उत्तरांत आहे. निसर्ग उशाशी असला म्हणजे तो वाट्याला येतोच असे नाही. झाड, पाणी, उतार डोळ्यांना दिसतात. त्यांच्यापर्यंत पोहोचू देणारा किंवा अडवणारा हक्क, दिवसाची वेळ, जनावराची भीती, लोकलाज, तिकीट, तारेचे कुंपण या गोष्टी छायाचित्रात येत नाहीत. माणसाचे बाहेरचे आयुष्य मात्र त्याच ठरवतात.

माणसाच्या बाहेरच्या आयुष्याच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्यासाठी थोडा इतिहास सांगतो. सर्वांत परिचित परंपरा शहरी उद्यानांची. कारखान्यांच्या धुराने कोंदटलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या शहरांना श्वास घ्यायला जागा हवी होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा 1858 साली निवडला गेला, तो या गरजेतून. पुढे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यात उतरले. रॉजर उलरिच यांनी 1984 साली एक छोटा पण गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. जपानमध्ये 1982 पासून सरकारनेच लोकांना रानात संथपणे फिरायला प्रोत्साहन दिले. थकलेले लक्ष निसर्गात पुन्हा ताजे होते, हा रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांचा सिद्धान्त आज नगररचनेच्या वर्गांत शिकवला जातो.

या परंपरेचे ऋण मोठे आहे. पण ती आपल्याकडे जशीच्या तशी आणली की अडते. उसात खुरपणी करणारी बाई दिवसभर हिरवाईतच असते. तिच्या कमरेला त्या हिरवाईने आराम मिळत नाही. पात्यांनी हात चिरतात, वर ऊन असते, आणि शेत दुसऱ्याचे असते. हिरवा रंग किती दिसतो याचे मोजमाप करून तिच्या आयुष्याबद्दल काहीच कळणार नाही. ती तिथे कोणत्या नात्याने उभी आहे, हे आधी विचारावे लागते.

हा प्रश्न दुसऱ्या परंपरेने विचारला, हक्काच्या. इंग्लंडात 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेल्या माळावर मुद्दाम घुसले. काहींना तुरुंगवास झाला. डोंगर-माळांवर पायी फिरण्याचा कायदेशीर हक्क इंग्लंडला मिळायला 2000 साल उजाडले. स्कॉटलंडने 2003 साली त्याहून उदार कायदा केला, आणि स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या रानातून जाण्याचा, बोरे-अळंबी वेचण्याचा रिवाज कायद्याच्याही आधीपासून चालत आला आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजून घ्यायला इंग्लंडपर्यंत जावे लागत नाही, आणि माझा आग्रह आहे की आपण सुरुवात घरापासूनच करावी. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले असल्याचे कागदावर मान्यही केले. तरी तिथे जाऊन ओंजळभर पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंचा मोर्चा न्यावा लागला, आणि तळे खाजगी आहे की सार्वजनिक हा वाद उच्च न्यायालयात 1937 सालापर्यंत चालला. सार्वजनिक जागेचा याहून मोठा धडा मला जगाच्या कोणत्याही ग्रंथात सापडलेला नाही. जागा सरकारी असते, ठराव होतो, फाटक उघडे असते, आणि तरीही ती एखाद्यासाठी बंद असू शकते. ती खुली झाली की नाही हे माणूस तिथे पोहोचून, न घाबरता परत आला तरच ठरते.

रानाचेही तेच. इंग्रजांच्या 1878 च्या वन कायद्याने डोंगरच्या डोंगर राखीव झाले. ज्या कुरणात गावाची गुरे चरत होती तिथे चराईची फी आणि कोंडवाडा आला. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गावोगावची गायराने गिळल्याबद्दल जो संताप व्यक्त केला आहे, तो वाचल्यावर आजच्या पर्यावरण चर्चेतले बरेच काही शिळे वाटते. 1930 साली बिळाशीला, चिरनेरला जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला गोळीबारात माणसे मेली. किंडर स्काउटच्या आधी दोन वर्षे. या देशातल्या शेतकरी आणि आदिवासींसाठी रानात जाणे हा विरंगुळा नव्हता. जळण, चारा, औषध आणि देव तिथेच होते.

तिसरी परंपरा सामायिक मालकीची. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडले की सगळ्यांचे ते कुणाचेच नसते, म्हणून सामायिक कुरण उजाड होणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे गोळा करून दाखवले की लोक स्वतः नियम घालतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंड करतात, आणि त्यामुळे सामायिक जागा शतकानुशतके टिकतात. त्यांचे पुस्तक 1990 चे, नोबेल 2009 चे. पण माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक 1970 च्या दशकातच सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत होते. आंबेगाव तालुक्यात आहुप्यासारख्या गावी अजून अशी राई उभी आहे. तिथले उंच वृक्ष, त्यांवरच्या जाडजूड वेली आणि पायाखालचा पाचोळ्याचा थर पाहिला, की देवाच्या नावाने घातलेला नियम किती काटेकोर होता ते कळते. मात्र देवराईचे फार गोडवे गाऊ नयेत असेही मला वाटते. काही ठिकाणी तिच्या नियमांनी बायकांना हद्दीबाहेर ठेवले आहे. सामायिक म्हणजे समान नव्हे, हे या संग्रहातल्या लेखकांनी नजरेआड होऊ दिलेले नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने हक्काचा आणि सामायिक मालकीचा हे दोन प्रवाह एकत्र आले. गावाला आपल्या पारंपरिक जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 साली तो मिळवून वाट दाखवली. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांसाठी या हक्काचा रोजचा अर्थ हिरडा आहे. चैत्र-वैशाखात कोवळा बाळहिरडा झाडावरून उतरवायचा, अंगणात किंवा खडकावर पसरायचा, पोरांनी तो दिवसातून खालीवर करायचा, आणि काळा, सुरकुतलेला, खुळखुळ वाजणारा झाला की पोत्यात भरून विकायचा. पावसाळ्याआधी हातात येणारा मुख्य पैसा तोच. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे झोडपली, तेव्हा आंब्याच्या बागेची भरपाई ठरवायला सरकारकडे निकष होते, रानातल्या हिरड्याच्या झाडावर मात्र कुणाचा संसार चालतो हेच आधी पटवून द्यावे लागले. त्याच डोंगरांवर भीमाशंकरचे अभयारण्य आहे, 1985 सालचे, सुमारे 130 चौरस किलोमीटरचे. शेकरू बघायला येणाऱ्याचे रान आणि हिरडा वेचणारीचे रान एकच आहे. दोघांच्या हक्कांचे वजन मात्र एक नाही, आणि या पुस्तकाने कोणाची बाजू घ्यायची याबद्दल संकोच केलेला नाही.

आता ओझरच्या बाजूला, खाली पाण्याकडे येतो. गेल्या पन्नास वर्षांत इथल्या माणसाचे बाहेरचे जग सर्वांत जास्त बदलले ते कुकडी प्रकल्पाने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही पाच धरणे. डिंभ्याच्या पाण्यात मूळ आंबेगावच गेले. तालुक्याला त्याचे नाव उरले, कचेऱ्या घोडेगावात. जी गावे बुडाली त्यांच्याबरोबर नदीचे घाट, वाळूचे पट्टे, गुरांचे पाणोठे, पोहायला शिकायचे डोह बुडाले. भरपाईच्या कागदावर घर आणि जमीन आली. डोह कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. वर राहिलेल्यांनी नवी वाट काढली. उन्हाळ्यात पाणी हटले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घ्यायचे, जलाशयात मासेमारीचा हक्क मागायचा, उतारावर पडकईने, म्हणजे एकमेकांच्या श्रमाने बांध घालून खाचरे काढायची. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या कामात दिलेली साथ हा महाराष्ट्रातल्या विस्थापितांच्या इतिहासातला मोलाचा भाग आहे. याच तालुक्यात 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. आंबेगावच्या माणसापुढे निसर्गसान्निध्याचे गोडवे गाताना हे आठवावेच लागते.

धरणांचा दुसरा परिणाम अधिक आडवळणाचा आहे, आणि मला वाटते या संग्रहातली सर्वांत महत्त्वाची साखळी तीच. धरणांमुळे कालवे आले, कालव्यांमुळे ऊस आला. उभा ऊस बिबट्याला रानासारखाच आडोसा देतो. मादी त्यातच पिल्ले घालते. कुत्री, शेळ्या, वासरे हाताशी. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून असे पुढे आले की एका ठिकाणचे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यानेच प्रश्न चिघळला. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे राहिले, जाणीवजागृती झाली, पण भीती गेली नाही. उलट अलीकडच्या वर्षांत ती जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत घट्ट बसली आहे.

भीतीने काय होते? संध्याकाळ नाहीशी होते. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, म्हणून दारे धरायला निघालेला माणूस बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेले भजन घेऊन निघतो, कारण आवाज असला की जनावर बाजूला होते असा अनुभव आहे. मळ्यातल्या घरांना जाळी बसते. पोरे दिवेलागणीच्या आत घरात. आजी अंगणात बाज टाकून झोपत असे, ती आता आतल्या खोलीत पंख्याखाली. दिवसा वीज द्या ही मागणी आपण शेतीची मागणी समजतो. ती संध्याकाळ परत मागण्याचीही मागणी आहे. ज्या पाण्याने नदीकाठ बुडवला त्याच पाण्याने, उसाच्या मार्गाने, अंगणही आखडले, हे एकदा ध्यानात आले की उद्याने किती हवीत हा प्रश्न इथे किती अपुरा आहे ते कळते.

बायकांच्या वाट्याचे बाहेर हा स्वतंत्र विषय होऊ शकतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली मुंबईच्या बायकांबद्दल मांडले की शहरात बाईला बाहेर असण्यासाठी नेहमी कारण दाखवावे लागते : पिशवी, मूल, घाई. गावात ते कारण हंडा, धुणे, सरपण, देवदर्शन असते. नळ आला, गॅस आला, कष्ट वाचले, आणि हे कुणी नाकारू नये. पण धुण्याच्या दगडावर होणारी तासाभराची बोलणीही त्याबरोबर गेली, आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही. चतुर्थीला ओझरला येणाऱ्या बायका दर्शन झाल्यावर पाण्याच्या बाजूला जरा वेळ टेकतात. देवाचे कारण असल्याने त्यांना कुणी काही विचारत नाही. देवळाचे आवार हे या भागातल्या कितीतरी बायकांचे एकमेव उद्यान आहे.

पुरुषांकडे बैलगाडा शर्यतीचा घाट आहे. या पट्ट्यात गावोगावी यात्रेच्या माळावर असा चढाचा घाट असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत कितीतरी घाट ओस पडले. बैलांच्या हालांबद्दलचे आक्षेप मला गंभीर वाटतात आणि नियम कडकच हवेत. पण गावाचे सर्वांत मोठे मैदान वर्षातून एका कारणासाठी, आणि मुख्यतः पुरुषांसाठीच जिवंत होते, हेही खटकायला हवे.

पर्यटनाने नवा पेच आणला आहे. राज्य सरकारने 2018 साली जुन्नरला विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून मान्यता दिली. पावसाळ्यात माळशेज आणि नाणेघाट माणसांनी फुलतात, अपघात झाले की जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, आणि कणसे-भजी विकणाऱ्या स्थानिकांचा हंगाम एका कागदाने बुडतो. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे दर्शन घ्यायचे तर पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढूनच पायऱ्या चढाव्या लागतात. गणपती बौद्ध लेण्यात बसला आहे, आणि लेणी जपायला पैसा लागतो हे खरे. पण रोज वर जाणाऱ्या आसपासच्या म्हाताऱ्याला ते तिकीट वेगळे टोचते. नाणेघाटातल्या त्या प्रसिद्ध दगडी रांजणात सातवाहनांच्या काळी जकात जमा होई असे मानतात. वाटेवर पैसा घेण्याची प्रथा या तालुक्यात दोन हजार वर्षांची आहे म्हणायची. जलाशयांच्या कडेने जमिनी विकत घेऊन तारा ओढणे मात्र नवे आहे, आणि ते वेगाने होते आहे. पाणी सरकारी, काठ खाजगी, मध्ये गुरे कशी उतरणार?

म्हणून या संग्रहाने वाटांवर सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. गावनकाशात दुहेरी तुटक रेघेने गाडीमार्ग दाखवतात, एकेरी तुटक रेघेने पायमार्ग. पायमार्ग सव्वाआठ फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या नांगरांनी पाणंद कोरत आणून बैलही अंग चोरून जाईल इतकी ठेवलेली असते. वहिवाटीचा रस्ता अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येते, हे कितीतरी शेतकऱ्यांना ठाऊक आहे. अर्ज मात्र ते करत नाहीत. अडवणारा बहुधा चुलतभाऊ असतो. तरी काही वाटा कायद्याशिवायही टिकल्या. भाद्रपदात विघ्नेश्वराची पालखी द्वारयात्रेला शेजारच्या गावांत जाते, शिवारातून अनवाणी माणसे मागे चालतात. पालखीची वाट अडवायची छाती कुणाची होत नाही.

हे पुस्तक दोन तालुक्यांपुरते आहे आणि त्याने तसेच राहावे असा संपादकांचा निर्णय मला योग्य वाटतो. सबंध महाराष्ट्राचे चित्र काढण्याचा त्याचा दावा नाही. पुण्याच्या टेकड्यांचा किंवा मुंबईच्या मैदानांचा लढा इथे उल्लेखापुरताच येतो. त्यांच्याकडे लिहिणारी माणसे आहेत, येडगावच्या काठाकडे नव्हती. लेखकांत शेतकरी आहेत, शिक्षिका आहेत, वनखात्यात नोकरी केलेले आहेत, हिरडा वेचणाऱ्या घरांतल्या पदवीधर मुली आहेत. त्यांची मते एकमेकांना छेदतात, विशेषतः बिबट्याच्या आणि अभयारण्याच्या बाबतीत, आणि ती सांधून गुळगुळीत केलेली नाहीत. आकडेवारी शोधणाऱ्याची थोडी निराशा होईल. चालून, बसून, विचारून जमवलेली माहिती मात्र भरपूर आहे.

वाचकाने क्रमाने वाचायला हवे असे नाही. ज्याला पाणी जवळचे त्याने पाण्यापासून सुरू करावे, डोंगरच्या माणसाने हिरड्यापासून. शेवटी जोडलेल्या वाटांच्या नकाशांकडे मात्र सर्वांनी जावे. गावकऱ्यांनी आठवणीने काढलेल्या वाटा भूमी अभिलेख कार्यालयातल्या गावनकाशांशी ताडून पाहिल्या आहेत. जिथे त्या जुळल्या तिथे एकच रेघ आहे. जिथे जुळल्या नाहीत तिथे दोन्ही रेघा छापल्या आहेत आणि शेजारी गट क्रमांक दिला आहे, म्हणजे ग्रामसभेत नकाशा पसरून बोलता येईल.